चरबा

बाबूजी गेले, भावांनी वाटण्या केल्या.
थोरल्याला लोदी कटऱ्यातलं दुकान,
धाकट्याला विलायती रंगांची पेटी अन् कॅमेरा,
मला, बिंदेसरीला, हा चरबा:
चिंकाऱ्याचं कातडं, कांद्याच्या सालीइतकं पातळ,
त्यावर सुईनं टोचलेला एक बहिरी ससाणा.
"घेऊन जा," म्हणाले, "इथं उंदीरच खातील."

उजेडात धरला की ससाणा चांदण्यांचा होतो.
कोळशाची पुरचुंडी वरून थोपटली
की खालच्या कागदावर ठिपके,
ठिपके जोडले की पक्षी.
सात पिढ्या आमचं घर ह्या एका पक्ष्यावर जेवलं.

नौरंगरायांच्या दिल्लीत
तो शहजाद्याच्या मनगटावर बसे.
पंखांत सोनं, डोळ्यात माणकाचा कण,
कडेला इराणी सुरूची झाडं.
नौरंगरायांनी जन्मात सुरू पाहिला नव्हता,
पण डोळे मिटून काढत.

दिल्ली लुटली गेली.
चरबा पगडीच्या पेचांत दडून मुर्शिदाबादला आला.
नवाबाचं मनगट जाडजूड,
म्हणून कुणीतरी जुनी भोकं मेणानं बुजवली,
नवी टोचली.
दरबारातून पैसे थकत गेले,
पंखांतलं सोनं पिवडीवर आलं,
आंब्याची पानं खाणाऱ्या गाईंच्या मुताचा रंग.
उन्हात तोही बरा चमकतो.

मग गंगेच्या उलट्या धारेनं पाटणा.
अफूच्या गुदामाचा साहेब चष्म्याआडून म्हणाला,
"मनगट नको. नुसता पक्षी.
सावली हवी. पिसं मोजून हवीत."
बख्तावरलालांनी पिसं मोजली.
पण मनगट गेल्यावर ससाणा बसणार कशावर?
तो तसाच राहिला कोऱ्या कागदात,
नखं मिटून, काही न धरता.
साहेबाला फार आवडला.
खाली लॅटिन नाव लिहून गलबतानं पाठवून दिला.

सावली आमच्या घरी आली ती अशी.
पहिल्या दिवशी बख्तावरलालांच्या बायकोनं
धूळ समजून ती पदरानं पुसायला घेतली होती.

बाबूजींच्या वेळेला फोटो.
करड्या वकिलांच्या गालांवर ते गुलाबी लावत,
त्यांच्या बायकांच्या कानांत हिरवे खडे.
कुंचला तोच, खारीच्या शेपटीचा.
चरबा पेटीच्या तळाशी.

माझं सासर दरभंग्याकडचं.
दिराच्या लग्नात कोहबराची भिंत सारवलेली, अजून ओलसर.
बायका बांबू काढत होत्या, कमळं, कासवं,
काडीला चिंधी गुंडाळून,
ठिपक्यांशिवाय, एका दमात, गप्पा मारत.
मी आदल्या रात्री सुईनं सगळं मेण टोकरून काढलं होतं,
का ते विचारू नका.
चरबा भिंतीला लावला. पुरचुंडी थोपटली.
ससाण्याखाली तीन मनगटं उमटली:
नवाबाचं,
शहजाद्याचं,
अन् त्यांच्या आत एक बारीक, कांकणांचं,
बोटांत कमळाचा देठ.

हे कुणाचं?
घरात तर पहिले नौरंगरायच म्हणत.
त्यांच्याही आधी कुणीतरी हे कातडं
आणखी जुन्या पानावर धरलं असेल,
श्वास रोखून.

चुलत सासू जवळ आली. "छान काढलास गं सुगा."
"काकी, ससाणा आहे हा."
"लग्नघरात ससाणा? चोच जरा गोल कर."

मी चोच गोल केली.
घेवड्याच्या पानांचा रस पिळला, पिसं हिरवी केली,
न मोजता.
दोन मनगटं ओल्या बोळ्यानं पुसली.
तिसरं ठेवलं.
सुगा त्यावर बसला,
किती वर्षांनी कशावर तरी.

सावलीचं कुणी विचारलं नाही.
दुपारी दारातून ऊन येतं तेव्हा
भिंतीवर कुणाची ना कुणाची पडतेच.